जामीन मंजूर, माणूस आतच

पोस्टातली नोकरी संपली आणि काही महिन्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची सूचना वाचनात आली. पॅरा लीगल व्हॉलंटिअर (पीएलव्ही), म्हणजे विधी स्वयंसेवक, हवेत असं त्यात होतं. वकिलीची पदवी लागणार नव्हती. उलट वकिली करणाऱ्यांसाठी ही जागा नव्हतीच. नीट लिहिता-वाचता यावं, लोकांशी बोलता यावं आणि वेळ असावा, इतकंच. काउंटरवर बसून मी लोकांच्या मनीऑर्डरी भरून दिल्या होत्या. त्यांतल्या काहींवर ‘यरवडा मध्यवर्ती कारागृह’ हा पत्ता असायचा आणि संदेशाच्या जागी एखादी ओळ. ते पैसे पुढे कुठे जातात, कुणाला मिळतात, हे कळावंसं फार वर्षं वाटत होतं. मी अर्ज केला.

पुण्यात शिवाजीनगरच्या न्यायालयात मुलाखत झाली, मग प्रशिक्षण. प्राधिकरणाचे सचिव न्यायाधीशच असतात. पहिल्या तासाला त्यांनी १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ फळ्यावर लिहिलं. मोफत वकील कुणाला मिळतो याची ती यादी. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कामगार, ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले. त्यात एक वेगळा गट आहे: कोठडीत असलेली कुणीही व्यक्ती. तिथे उत्पन्न विचारलं जात नाही. मी वहीत ते अधोरेखित केलं. पुढे आत गेल्यावर दिसलं की ज्यांच्यासाठी हे लिहिलंय, त्यांच्यापैकी कितीतरी जणांना ते माहीतच नसतं. ‘सरकारी वकील’ म्हणजे आपल्याविरुद्ध उभा राहणारा, असंच त्यांनी ऐकलेलं असतं. त्यामुळे फुकट मिळणारा वकीलही त्यांना सरकारचाच माणूस वाटतो. आमच्या कामाची सुरुवात बहुतेक वेळा हा गैरसमज काढण्यापासूनच होते.

प्रशिक्षणानंतर पोलीस पडताळणी, मग ओळखपत्र, मग नेमणूक: यरवडा, विधी सहाय्य केंद्र.

पहिल्यांदा जाणाऱ्याला तुरुंगाचं दार वाटतं तसं एक नसतं. बाहेर मोठा दरवाजा, त्याला माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. ती उघडते, तुम्ही आत जाता, ती बंद होते, आणि तोवर समोरचं दुसरं दार बंदच असतं. दोन्ही एकाच वेळी कधी उघडत नाहीत. त्या मधल्या जागेत सगळं होतं: नोंदवहीत नाव, वेळ, सही, मोबाइल, पैसे, पर्सचा हिशेब, झडती. हातावर शिक्का. माझ्याजवळ एक पॅड, दोन पेनं आणि वकीलपत्राचे कोरे फॉर्म एवढंच राहायचं. तिथल्या हवालदार बाई रोज तेच विचारायच्या, “मॅडम, अजून काही?” आणि मी रोज तेच सांगायची, “नाही बाई, कागदच.” ओळख झाली म्हणून झडती कमी झाली नाही. ते मला बरोबर वाटतं.

यरवडा १८७१ मध्ये इंग्रजांनी उभारला. पाचशे एकरांहून मोठा परिसर, महाराष्ट्रातला सर्वांत मोठा तुरुंग. आत सर्कल, सर्कलमध्ये यार्ड, यार्डात बराकी. शिवाय कारखाने: शिवण, सुतारकाम, हातमाग, बेकरी, धुलाई. शेजारी स्त्रियांचं वेगळं कारागृह आणि ज्यांची वर्तणूक चांगली अशा पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या, कैद्यांचं खुलं कारागृह. अधिकृत क्षमता अडीच हजारांच्या आत, आणि माणसं त्याच्या दुपटीहून जास्त. हा आकडा कागदावर वाचणं वेगळं आणि बराकीत रात्री कूस कशी बदलायची हे ज्याला शेजाऱ्याला विचारावं लागतं त्याच्या तोंडून ऐकणं वेगळं.

दिवस इथे गिनतीवर, म्हणजे कैद्यांच्या मोजणीवर, चालतो. पहाटे टाळं खुललं की गिनती, दुपारच्या बंदीला गिनती, संध्याकाळी गिनती. सकाळचं जेवण दहा-अकराला, संध्याकाळचं उजेड असतानाच, आणि मग बराक बंद. गिनती जुळली नाही तर सगळं जागच्या जागी थांबतं. एकदा दुपारी माझ्यासमोरचा माणूस अर्धं वाक्य बोलून उठून गेला, कारण त्याच्या यार्डात एक आकडा कमी पडत होता. तो आकडा तोच होता, माझ्यासमोर बसलेला. परत आला तेव्हा त्याने ते वाक्य तिथूनच पुढे सुरू केलं.

केंद्र म्हणजे एक टेबल, खुर्च्या, कपाट. मदतीला आतलेच दोन पीएलव्ही. जन्मठेपेच्या, शिकलेल्या, चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यांनाही हे प्रशिक्षण देतात. त्यांपैकी एकाचं अक्षर इतकं सुरेख की त्याने लिहिलेला अर्ज मी आधी नुसता बघत राहायची. बराकीत रात्री तोच सगळ्यांचे कागद वाचून सांगायचा. आम्ही आठवड्यातले ठरलेले दिवस जायचो, तो कायमच तिथे. त्यामुळे खरं केंद्र तोच होता असं मी मानते.

आमच्याकडे येणारे जवळपास सगळे न्यायबंदी. लोक ‘कच्चे कैदी’ म्हणतात. खटला चालू आहे किंवा अजून सुरूच झालेला नाही, गुन्हा सिद्ध नाही, तरी आत. देशभरातल्या तुरुंगांत २०२२ साली चार कैद्यांमागे तीनांहून थोडे अधिक असेच होते. बाहेर आपण ‘तुरुंगात आहे’ म्हणजे ‘शिक्षा भोगतोय’ असं धरून चालतो. आत गेल्यावर हे उलटं होतं. पक्का कैदी तुम्हाला शांतपणे सांगतो, माझी इतकी झाली, इतकी माफी धरली की अमुक महिन्यात सुटणार. कच्च्याला विचारा, तो फक्त पुढची तारीख सांगतो. पुढची तारीख म्हणजे सुटकेची नव्हे, कोर्टाची. त्या तारखेला कोर्टात न्यायला पोलीस पार्टी मिळाली नाही तर तो जात नाही. व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, उभं केलं तर अर्ध्या मिनिटात पडद्यावर नवी तारीख मिळते. माझ्या टेबलाशी येणाऱ्याचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असायचं, “ताई, माझी तारीख बघा ना.”

या वास्तूचा इतिहास मला शाळेत वेगळा शिकवला होता. लोकमान्य टिळक १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यानंतर इथे होते. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ ला इथेच फाशी झाली. १९३२ च्या सप्टेंबरात गांधीजींचं उपोषण इथे झालं, त्याच आवारात आंब्याच्या झाडाखाली वाटाघाटी चालल्या, बाबासाहेब आंबेडकर आत येऊन बोलले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला, प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागांचा. २६ जानेवारी २०२१ पासून हे सगळं सामान्य माणसाला बघता येऊ लागलं. तेव्हा तिकीट होतं शाळेच्या मुलांना पाच रुपये, कॉलेजच्या मुलांना दहा, इतरांना पन्नास. मुलांच्या रांगा गांधी यार्डाकडे जाताना मी पाहिल्यात, आणि त्या जाव्यातच.

पण रोज कच्च्या कैद्यांचे कागद चाळायला लागल्यावर त्याच इतिहासातली एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. १८ मार्च १९२२ ला गांधीजींना अहमदाबादच्या न्यायालयाने सहा वर्षांची शिक्षा दिली आणि ते इथे आले. ती शिक्षा होती, तिला आकडा होता. १९२४ च्या जानेवारीत ससून रुग्णालयात त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि ५ फेब्रुवारीला त्यांना मुदतीआधीच सोडण्यात आलं. १९३० आणि १९३२ मध्ये मात्र खटलाच झाला नाही. १८२७ चा एक जुना रेग्युलेशन काढला गेला आणि सरकारला वाटेल तोवर आत. आरोप सिद्ध करायचा नाही, मुदत सांगायची नाही. आणीबाणीत हेच ‘मिसा’खाली, म्हणजे खटल्याशिवाय स्थानबद्ध करण्याच्या कायद्याखाली, झालं. संघाचे बाळासाहेब देवरस यरवड्यात होते, समाजवादी प्रमिला दंडवतेही यरवड्यात होत्या आणि त्यांचे पती मधु दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात. कधी सुटणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्या अनिश्चिततेबद्दल आपण आजही चिडून बोलतो, बोलायलाच हवं. आणि तरीही त्याच भिंतींच्या आत आज मोबाइल चोरीच्या आरोपाखाली बसलेला मुलगा त्याच अनिश्चिततेत असतो, त्याच्याबद्दल कुणी चिडत नाही. कारण त्याच्या बाबतीत कायदा मोडलेला नसतो. कायदा फक्त त्याच्यापर्यंत पोचलेला नसतो.

हे ‘न पोचणं’ कसं असतं ते एका गवंड्याच्या कागदांवरून मला नीट समजलं.

लातूरकडचा माणूस, चाळिशीच्या आतबाहेर. बांधकामावरच्या सळया चोरल्याच्या गुन्ह्यात अटक. तो आमच्याकडे जामिनाचा अर्ज करायला आला. मी नेहमीप्रमाणे नाव, पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर नंबर, कोर्ट, केस नंबर लिहून घेतलं. कोर्टाच्या संकेतस्थळावर सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला की सगळं दिसतं, पण आत मोबाइल नाही, म्हणून ते बाहेर येऊन बघायचं. बाहेर येऊन बघितलं तर त्याचा जामीन आधीच मंजूर झालेला. पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे त्याने स्वतः लिहून द्यायची हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. मंजूर होऊन महिने झालेले.

पुढच्या वेळी मी त्याला सांगितलं, “दादा, तुमचा जामीन झालाय.”

तो म्हणाला, “मग मी इथं कसा?”

त्याच्या वकिलाने अर्ज लढवला होता, आदेश मिळवला होता. पण जामीनदार आणणं हे घरच्यांचं काम, आणि घरच्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. नंबर बदललेला. व्हीसीवर त्याने फक्त पुढची तारीख ऐकली होती.

जामीनदार म्हणजे काय हे ज्यांना कधी लागलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तुम्ही पळून गेलात तर एवढी रक्कम मी भरीन, असं कोर्टात लिहून देणारा माणूस. त्याला स्वतःची ऐपत सिद्ध करावी लागते: सातबारा किंवा घराची कर-पावती, रेशनकार्ड, आधार, नोकरी असेल तर पगाराची स्लिप. बऱ्याच वेळा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात. रोजंदारीवर येऊन इथे पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाच्या ओळखीत अशी कागदपत्रं असलेला कोण असणार? मुकादम फोन उचलत नाही. शेजारी स्वतःच भाड्याने. आणि ज्याच्याजवळ सातबारा आहे तो गावाकडे, तीनशे किलोमीटरवर.

त्याच्या गावच्या पोस्टातून मी बायकोचा ठावठिकाणा काढला. जुन्या खात्याची ओळख इथे उपयोगी पडली. फोनवर मी “वहिनी, मी यरवड्यावरून बोलतेय” म्हटल्यावर पलीकडे एकदम आवाज बंद. मग, “त्यांचं काही बरंवाईट झालं का हो?” नाही म्हटल्यावर त्या रडायला लागल्या. मी थांबले. मग कागदांची यादी सांगितली. त्यांनी ती मुलीला लिहून घ्यायला लावली आणि मुलीने प्रत्येक ओळ मला परत वाचून दाखवली.

चुलत दीर तयार झाला. जमीन होती, पण सातबारा सामाईक, चार भावांच्या नावाचा. दाखल्यासाठी तो तालुक्याला गेला, एकदा साहेब नाहीत, एकदा उत्पन्नाचा कागद नाही. मजुरी बुडवून तो किती वेळा जाणार? तिसऱ्या फेरीनंतर तो म्हणाला, “ताई, माझ्यानं होत नाही आता.” त्याच्यावर मला राग आला नाही. जेवढं त्याने केलं तेवढं सख्खे भाऊ करत नाहीत.

इथे ३१ जानेवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश कामाला आला. तो प्रत्येक कैद्याच्या घरच्यांना माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं. त्यात म्हटलंय की जामीन मंजूर झाला की कोर्टाने आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगाकडे पाठवायची, म्हणजे कैद्याला ती मिळेल. तुरुंगाने मंजुरीची तारीख संगणकात नोंदवायची. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि आमच्यासारख्याने जाऊन कारण शोधायचं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी बदलण्याचा विचार करू शकतं. जामीनदार लगेच देता येत नसेल तर काही काळाचा तात्पुरता जामीनही देता येतो. याच आदेशामुळे तुरुंगाकडून आता आम्हाला यादी मिळते: जामीन झालेले पण न सुटलेले. माझ्या लेखी ती तुरुंगातली सर्वांत महत्त्वाची यादी आहे.

मग आम्ही अट बदलण्याचा अर्ज तयार केला. आतल्या पीएलव्हीने सुरेख अक्षरात कच्चा मसुदा लिहिला, लोकअभिरक्षक कार्यालयातल्या तरुण वकील बाईंनी तो नीट केला. हे कार्यालय म्हणजे आरोपींसाठी पूर्णवेळ काम करणारे, सरकारच्या पैशाने नेमलेले वकील. अर्जात आम्ही घरची स्थिती लिहिली, चुलत भावाच्या फेऱ्या लिहिल्या, त्याला जोडून नाकारलेल्या दाखल्याची पोच लावली. ही पोच लावण्याची सूचना वकील बाईंची. “प्रयत्न केला हे दिसलं पाहिजे,” त्या म्हणाल्या. कोर्टाने जामीनदाराची अट काढून फक्त जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. पैसे लागलेच असते तर तीही वाट होती. गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ पासूनची एक योजना आहे, सुरुवातीच्या नियमांत न्यायबंद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत रक्कम मिळू शकत होती. शिक्षा संपूनही दंड भरता न आल्याने अडकलेल्यांसाठी २५ हजारांपर्यंत. काही गंभीर गुन्ह्यांना ती लागू नाही, आणि जिल्ह्याच्या समितीकडून मंजुरी यायला वेळ लागतो, पण वाट आहे.

आदेश झाला. सुटका अजून नाहीच. आता मुचलका भरणं, मग सुटकेचा आदेश तुरुंगाकडे जाणं. तुरुंगाच्या दारात जामिनाच्या आदेशांची पेटी असते. ती ठरावीक वेळी उघडते. पेटी उघडून गेल्यावर कागद पोचला तर माणूस आणखी एक रात्र आत. न्यायालयीन विभागात तो आदेश मूळ वॉरंटशी अक्षरशः जुळवून बघतात: नाव, वडिलांचं नाव, कलम, केस नंबर, दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात पाहिजे आहे का. हे कडकपणे व्हायलाच हवं, नाहीतर एकाच्या नावावर दुसरा बाहेर जाईल. गवंड्याच्या वॉरंटवर वडिलांच्या नावापुढे ‘राव’ होतं, सुटकेच्या आदेशात ‘भाऊ’. दोन अक्षरं. दुरुस्तीसाठी कागद परत. मध्ये शनिवार-रविवार.

त्या दोन दिवसांत मला झोप नीट लागली नाही. वकील बाई मात्र सोमवारी कोर्ट उघडायच्या आधी दारात उभ्या होत्या. मंगळवारी संध्याकाळी, गिनतीच्या आधी, तो बाहेर आला. चुलत भाऊ न्यायला आला होता. तीच मजुरी बुडवून.

त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली. नवा माणूस टेबलाशी बसला की पहिल्याच भेटीत त्याचं, वडिलांचं आणि आडनावाचं स्पेलिंग वॉरंटशी ताडून बघायचं. आधारवर वेगळं, आरोपपत्रात वेगळं, वॉरंटवर तिसरंच असतं. जामिनाच्या अर्जातच ‘ऊर्फ’ घालून दोन्ही लिहिली तर शेवटी अडत नाही. घरच्यांचे दोन फोन नंबर घ्यायचे, एक शेजाऱ्याचा. आणि त्याला त्याच्या स्वतःच्या केसचा नंबर पाठ करायला लावायचा. लिहिता न येणाऱ्यांनाही तो पाठ होतो. आतले पीएलव्ही बराकीत ते घोकून घेतात.

आणखी एक काम आहे, त्याला बाहेर कुणी फार ओळखत नाही. दर तीन महिन्यांनी जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली न्यायबंद्यांच्या आढाव्याची समिती बसते. जिल्हाधिकारी, पोलीस, कारागृह अधीक्षक आणि आमचे सचिव तिच्यात असतात. तिच्यासाठी याद्या करायच्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ तिथे उपयोगी पडतं. ज्याला आधी कधी कुठल्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही त्याने आरोप असलेल्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं, इतरांना अर्धा काळ. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे नाही, आणि एकाहून अधिक खटले चालू असतील तर नाही. मुदत भरली की अधीक्षकांनीच कोर्टाला कळवायचं असतं. जुन्या गुन्ह्यांनाही ते लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं, म्हणजे आधी शिक्षा न झालेल्याला एक वर्ष. पेन घेऊन असा हिशेब करत बसलं की एखाद्या नावापुढे वर्ष उलटून गेलेलं दिसतं आणि हात थांबतो. ते नाव लाल पेनाने वर घ्यायचं.

स्त्रियांच्या कारागृहात मी महिन्यातून कमी वेळा जाते. तिथे जामिनाचं विचारणाऱ्या कमी, मुलांचं विचारणाऱ्या जास्त. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं, त्यांच्यासाठी बालवाडी असते. पण आठ-दहा वर्षांचं भावंड बाहेर कुठे आहे हे कितीतरी आयांना माहीत नसतं. नवरा सोडून गेलेला, सासर दार उघडत नाही, मूल एखाद्या बालगृहात. बालकल्याण समितीला पत्र लिहून ते शोधायचं, भेट मागायची. एका आईने मला मुलाच्या चपलेचा नंबर सांगितला होता, अटकेच्या दिवशी पायात होती ती. ओळख पटवायला उपयोगी पडेल म्हणून. मी तो अर्जात लिहिला. मूल सापडलं तेव्हा त्याच्या चपलेचा नंबर दोनने वाढला होता. आता त्यांची भेट ठरल्या दिवशी होते.

सगळी प्रकरणं अशी लागत नाहीत. एक म्हातारे गृहस्थ आहेत, चार पोलीस ठाण्यांत चार गुन्हे. एकात जामीन झाला की दुसऱ्यात वर्ग. कलम ४७९ त्यांना बसत नाही, नातेवाईक कुणी येत नाहीत. त्यांच्या चारही केसचे नंबर मला पाठ आहेत. दोन खटले तरी लवकर चालावेत म्हणून लोकअभिरक्षक कार्यालयाने अर्ज दिलाय, पुढच्या आढाव्यात नाव पुन्हा घातलंय.

तुमच्या ओळखीचं कुणी आत असेल, किंवा कामवाल्या बाईंचा मुलगा, सोसायटीच्या वॉचमनचा भाऊ असा कुणाचा विषय निघाला, तर आधी एवढं बघा: जामीन झालाय का, झाला असेल तर कधी, आणि जामीनदार कुणी दिला का. केस नंबर हाताशी ठेवा, नसेल तर पूर्ण नाव आणि पोलीस ठाणे चालेल. जवळच्या न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं किंवा तालुका समितीचं कार्यालय असतं, तिथे साध्या कागदावर अर्ज द्या. जाता येत नसेल तर १५१०० या नंबरवर फोन करा. पैसे लागत नाहीत. कुणी मागितले तर देऊ नका.